दोन पत्रें

लेखकाच्या मनांतील आत्मसंशय हा विषय साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. तेथें रस आहेत, अलंकार आहेत, गुण आहेत आणि दोषही आहेत. परंतु कोरा कागद पुढें ओढून बसलेल्या मनुष्याच्या छातींत जी धडधड होते तिला त्या शास्त्रांत कोठेंच स्थान नाहीं. टीकाकारापुढें येतें तें लिहून झालेलें पुस्तक. जें लिहिलेंच गेलें नाहीं, किंवा चार पानें लिहून फाडून टाकलें गेलें, त्याचा विचार करण्याचें त्यास प्रयोजन वाटत नाहीं. आम्हांसही तें पुष्कळ वर्षें वाटलें नव्हतें. आतां वाटतें, आणि कां वाटूं लागलें हें लेखाच्या ओघांत वाचकांस कळेलच.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. विनय आणि संशय या दोन वस्तु भिन्न आहेत. आपल्या जुन्या कवींनीं ग्रंथारंभीं स्वतःकडे कमीपणा घेण्याची एक सुंदर रीत पाडून ठेविली आहे. कालिदासानें 'रघुवंशा'च्या आरंभीं आपल्या अल्पमतीविषयीं संकोच व्यक्त केला, आणि मग एकोणीस सर्गांचें महाकाव्य लिहिलें. ज्ञानेश्वरांनीं श्रोत्यांपुढें आपण लेंकरूं असल्याचें पुनःपुन्हां सांगितलें, आणि सुमारें नऊ हजार ओंव्यांचा ग्रंथ शके १२१२ त पुरा केला. ही रीत म्हणजे सभेंत बोलण्यापूर्वीं केलेला नमस्कार होय. त्यानें वक्त्याचा आवाज बसत नाहीं. भवभूतीनें तर उलट मार्ग धरिला. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेंत आपली अवहेलना करणाऱ्यांकडे पाठ फिरवून त्यानें पुढें केव्हांतरी जन्मास येणाऱ्या समानधर्म्यावर भरंवसा ठेविला. आम्ही ज्याविषयीं बोलत आहों तो संशय याहून निराळा. तो प्रस्तावनेंत दिसत नाहीं, कारण तो लेखकास प्रस्तावनेपर्यंत पोंचूंच देत नाहीं. "मी लेखक आहें काय?" एवढा एकच प्रश्न तो विचारतो, आणि त्यास उत्तर सांपडत नसल्यामुळें लेखणी खालीं ठेवावी लागते.

याचें एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत इतकें पूर्णपणें नमूद झालें आहे कीं, एखाद्या रोग्याची नाडी वर्षानुवर्षें टिपून ठेवावी तसें तें आपणांस वाचतां येतें. १८३६ सालच्या २९ डिसेंबर रोजीं यॉर्कशायरमधील हॉवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाच्या मुलीनें, शार्लट ब्राँटीनें, त्या वेळचा राजकवि रॉबर्ट सदे यास एक पत्र लिहिलें. तिचें वय २० वर्षांचें होतें. रो हेड येथील शाळेंत ती शिक्षिका होती व नाताळच्या सुटींत घरीं आली होती. ती, तिचा भाऊ ब्रॅनवेल आणि धाकट्या बहिणी एमिली व ॲन हीं भावंडें लहानपणापासून तळहाताएवढ्या वह्यांत, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत, कल्पित राज्यांच्या कथा लिहीत आलीं होतीं. तिनें सदेपुढें आपलें काव्य ठेविलें, आणि कवयित्री म्हणून कायमचें नांव मिळवावें ही आपली इच्छा मोकळेपणानें कळविली. इतकें मोकळें पत्र मनुष्य विसाव्या वर्षींच लिहूं शकतो.

उत्तर यावयास अडीच महिने लागले. १२ मार्च १८३७ च्या त्या पत्रांत सदेनें तिच्या अंगीं पद्यरचनेची शक्ति बरीच आहे हें मान्य केलें. परंतु अशी शक्ति हल्लीं दुर्मिळ नाहीं असेंही सांगितलें. दिवास्वप्नांत रमण्याच्या संवयीनें नित्याच्या कामावरून मन उडतें, असा इशारा दिला. आणि मग जें वाक्य पुढें जगप्रसिद्ध झालें तें लिहिलें. वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकत नाहीं व होऊंही नये, हा त्याचा आशय. सदेस न्याय देण्यासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, पत्र तुसडें नव्हतें. कवितेसाठीं कविता लिही, कीर्तीवर नजर ठेवूं नको, असेंही त्यांत होतें. आणि हा उपदेश आजही कोणास चुकीचा म्हणतां येणार नाहीं. तो ६२ वर्षांचा होता; त्याची पत्नी मानसिक आजारानें खंगली होती; एका अनोळखी मुलीच्या पत्रास उत्तर न देतां तो गप्प बसला असता, तरी कोणीं त्यास बोल लाविला नसता.

शार्लटनें १६ मार्च रोजीं उत्तर धाडलें. त्यांत आभार आहेत, आज्ञाधारकपणा आहे, आणि शिकवितांना किंवा शिवणकाम करतांना आपलें मन वाचनालेखनाकडे ओढ घेतें अशी कबुलीही आहे. पुढें २१ एप्रिलला तिचा एकविसावा वाढदिवस आला, तेव्हां सदेचा हा उपदेश कायमचा जपून ठेवावयाचा, अशी टीप तिनें त्या पत्राच्या वेष्टनावर लिहून ठेविली. कांहीं टीकाकारांस तिच्या उत्तरांत उपरोध दिसतो. आम्हांस तो दिसत नाहीं. वाढदिवशीं केवळ स्वतःपुरती केलेली नोंद मनुष्य उपरोधानें करीत नाहीं. तिनें तो निकाल खरा मानला, हेंच त्या प्रकरणांतील दुःख आहे.

हें पत्र आम्हीं महाविद्यालयांत कित्येक वर्षें शिकविलें. सदेचें नांव आलें कीं वर्गांत थोडा हशा पिकवावयाचा, दीडशें वर्षांपूर्वींच्या त्या वृद्धाची कींव करावयाची, आणि घंटा झाली कीं खोलींत जाऊन चहा घ्यावयाचा, असा आमचा परिपाठ होता. सुमारें २२ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें आपल्या मराठी कथांची वही आम्हांस वाचावयास दिली. महिनाभर ती आमच्या टेबलावर पडून राहिली. मग एके दिवशीं आम्हीं ती वाचून काढली आणि शेवटच्या पानावर तांबड्या शाईनें शेरा मारिला: भाषा बरी आहे, परंतु लेखन हा प्रत्येकाचा प्रांत नव्हे, तूर्त परीक्षेकडे लक्ष द्यावें. तिनें वही घेतली, 'थँक यू, सर' म्हटलें, आणि ती गेली. त्याच सत्रांत आम्हीं सदेवर पुन्हां एकदां व्याख्यान दिलें. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, अशी शंकाही आमच्या मनास शिवली नाहीं.

त्या मुलीची हकीकत पुढें येईल. आधीं शार्लटचें काय झालें तें पाहूं. सदेच्या पत्रानंतर तिनें लिहिणें सोडलें नाहीं. परंतु प्रसिद्धीचा विचार पुष्कळ वर्षें बाजूस ठेविला. अँग्रिया नांवाच्या कल्पित राज्याच्या कथा ती १८३९ पर्यंत लिहीत होती. १८४२ त ती एमिलीसह फ्रेंच शिकावयास ब्रसेल्सला गेली, आणि तेथें तिला हेगर हे शिक्षक भेटले. या गुरुशिष्यसंबंधाची जी दुःखद बाजू चरित्रकारांनीं चर्चिली आहे ती येथें प्रस्तुत नाहीं. प्रस्तुत आहेत ते तिचे फ्रेंच निबंध, आणि त्यांवर हेगर यांनीं केलेल्या दुरुस्त्या. हे कागद आजही उपलब्ध आहेत. हा शब्द कशासाठीं, हें वाक्य येथें काय करतें, मुख्य विषयास जें पोषक नाहीं तें काढून टाकावें, असा त्या दुरुस्त्यांचा सारा रोख. मुलीच्या अंगीं प्रतिभा आहे कीं नाहीं हा वाद तेथें नाहीं. गुरूची नजर कागदावर आहे. अँग्रियाच्या पाल्हाळापासून 'जेन एअर'च्या गद्याकडे जी वाट गेली ती या तपासलेल्या निबंधांतून गेली, असें आमचें मत आहे.

१८४५ च्या शरदांत एमिलीच्या कवितांची वही शार्लटच्या हातीं लागली. तिघी बहिणींनीं मावशीच्या वारशांतून मिळालेल्या पैशांपैकीं ३१ पौंडांहून अधिक रक्कम मोजून १८४६ त आपला एक काव्यसंग्रह छापविला. आपण स्त्रिया आहों हें उघड होऊं नये म्हणून करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशीं नांवें घेतलीं. वर्षभरांत त्या पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या. तिकडे शार्लटची पहिली कादंबरी 'दि प्रोफेसर' एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे हिंडत होती. परत आलेलें बाड पुढील प्रकाशकाकडे पाठवितांना ती जुनेंच वेष्टन वापरी, आणि आधींच्या प्रकाशकाचें नांव नुसतें खोडी. आपलें पुस्तक इतरांनीं नाकारलें आहे हें झांकावें, एवढाही व्यवहार तिला ठाऊक नव्हता. ऑगस्ट १८४६ त मँचेस्टर येथें तिच्या वडिलांच्या डोळ्यावर मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली. गॅस्केलबाईंनीं १८५७ त प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत सांगितलें आहे कीं, नेमक्या त्याच दिवशीं तें बाड पुन्हां एकदां नाकारलें जाऊन तिच्या हातीं पडलें. वडील अंधाऱ्या खोलींत निजलेले, बिऱ्हाड परकें, आणि पुढ्यांत परत आलेली कादंबरी. याच मुक्कामांत तिनें 'जेन एअर' लिहावयास आरंभ केला.

आत्मविश्वास आला म्हणून हा आरंभ झाला, असें म्हणावयास आधार नाहीं. आत्मविश्वास यावा असें त्या दिवशीं घडलें तरी काय होतें? तिनें केलें तें इतकेंच कीं, आपण लेखिका आहों कीं नाहीं हा प्रश्न तसाच राहूं देऊन ती नव्या कथेच्या पहिल्या प्रकरणाकडे वळली. आणि तिच्याजवळ आणखी एक आधार होता. तो म्हणजे ऐकणारीं माणसें. हॉवर्थच्या घरीं रात्रीं नऊच्या सुमारास दिवसाचीं कामें आटोपलीं कीं तिघी बहिणी बैठकीच्या खोलींत येरझारा घालीत आपापल्या कथांचा विचार करीत, आणि लिहून झालेला भाग एकमेकींस वाचून दाखवीत. तेथें कोणी कोणास राजकवि नव्हता.

१८४७ च्या उन्हाळ्यांत 'दि प्रोफेसर' लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीकडे गेली, आणि तेथून तें दुसरें पत्र आलें, ज्याच्याकरितां आम्हीं हा लेख लिहावयास घेतला. हस्तलिखितें वाचून मत देण्याचें काम त्या संस्थेंत विल्यम स्मिथ विल्यम्स हे करीत. पत्रांत नकारच होता. परंतु पुस्तकांत काय साधलें आहे आणि काय साधलेलें नाहीं याची चर्चा त्यांत समंजसपणें व सभ्यतेनें केलेली होती. आणि तीन खंडांची कादंबरी पाठविल्यास तिचा लक्षपूर्वक विचार करूं, असें आश्वासन होतें. शार्लटची अपेक्षा दोन कोरड्या ओळींची होती. एखाद्या असभ्य होकारानें झाला नसता इतका आनंद आपणांस त्या नकारानें झाला, असें तिनें पुढें नमूद करून ठेविलें आहे. २४ ऑगस्टला तिनें 'जेन एअर' रवाना केली. ऑक्टोबरांत ती प्रसिद्ध झाली. ती पाहावयास सदे राहिला नव्हता. १८४३ तच तो वारला.

आतां हीं दोन पत्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत थोडी स्तुति आहे, दुसऱ्यांत स्पष्ट नकार आहे. तरी पहिल्यानें लेखणी जड झाली आणि दुसऱ्यानें ती हलकी झाली. कारण, सदेनें 'मी कोण?' या प्रश्नाचें उत्तर दिलें, आणि विल्यम्स यांनीं 'हें पुस्तक कसें?' या प्रश्नाचें. नव्या लेखकास पहिला प्रश्न विचारावासा वाटतो हें स्वाभाविक आहे. परंतु तो कोणासच सोडवितां येत नाहीं. दुसऱ्यास मात्र उत्तर आहे. प्रकरण लांबलें काय, हें पात्र स्वतःच्या तोंडानें बोलतें कीं लेखकाच्या, हें विशेषण काढल्यास वाक्याचें कांहीं बिघडतें काय, हें पाहतां येतें, दाखवितां येतें आणि सुधारतांही येतें. आत्मसंशय मारून टाकतां येत नाहीं. तो या दुसऱ्या प्रश्नाच्या कामास जुंपतां येतो. तेथें त्याच्यासारखा उपयोगी गडी नाहीं, कारण ज्यास आपल्या वाक्याचा संशय येत नाहीं तो तें दुसऱ्यांदा वाचीतही नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, ज्याच्या अंगीं गुण नाहीं त्यास वेळींच थांबविणें हेंही जाणत्यांचें कर्तव्य नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण सदेचेंच उदाहरण घ्या. शार्लटच्या त्या वयांतील कविता आज वाचल्या तर त्या मध्यम प्रतीच्या आहेत असेंच म्हणावें लागेल. म्हणजे कवितेची पारख करण्यांत तो चुकला नाहीं. तो चुकला तो कवितेवरून आयुष्याविषयीं अनुमान काढण्यांत. पुढें असलेल्या कागदाविषयीं वाटेल तितकें कठोर बोलावें; जे कागद अजून लिहिले गेले नाहींत त्यांविषयीं बोलण्याचा अधिकार कोणासच पोंचत नाहीं.

यश मिळालें कीं हा संशय संपतो, अशी कोणाची समजूत असेल तर तीही शार्लटच्या चरित्रानें दूर होईल. सप्टेंबर १८४८ त ब्रॅनवेल वारला, डिसेंबरांत एमिली गेली, आणि मे १८४९ त ॲनही गेली. 'शर्ली' ही कादंबरी तेव्हां अर्धीमुर्धी झाली होती. रात्रींच्या त्या येरझारा आतां ती एकटीच घाली. वाचून दाखवावें असें कोणी उरलें नाहीं, आणि लिहिलेलें बरें कीं वाईट हें सांगणाराही कोणी नाहीं. तरी त्याच वर्षीं तिनें 'शर्ली' पुरी केली. १८५३ त 'व्हिलेट' आली. एकदां जिंकून कायमची बक्षिसी मिळावी असा हा सामना नाहीं. प्रत्येक पुस्तकापाशीं तो नव्यानें उभा राहतो.

आपल्याकडे, विशेषतः आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या वर्गांत, या संशयास आणखी एक फांटा फुटला आहे. शेक्सपिअर आणि जॉर्ज एलियट वाचावयाचीं, आणि मग मराठींत आपण काय लिहिणार म्हणून हात जोडून बसावयाचें. विद्वानांच्या मराठीविषयींच्या या अनास्थेवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ त सुरू केलेल्या 'निबंधमाले'ंतून कोरडे ओढले. तरी ती गेली नाहीं, कारण ती नम्रतेचा वेष घेऊन येते. वस्तुतः त्या नम्रतेच्या पोटीं अहंकार असतो. सर्वश्रेष्ठ होतां येत नसेल तर आम्ही लिहिणारच नाहीं, असा तो हट्ट आहे. याच्या उलट, १८६८ त जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक पाहाव्या. शाळेचें शिक्षण नाहीं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. रेव्हरंड टिळक १९१९ त वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. तें बाईंनीं पुरें केलें. आणि साठी उलटल्यावर 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, ज्यांचा पहिला भाग १९३४ त निघाला. शांता गोखले यांनीं त्यांचें इंग्रजी भाषांतर २०१७ त प्रसिद्ध केलें. या पुस्तकांत बाई आपल्या अज्ञानास हंसतात, फजितीस हंसतात, आणि हंसतां हंसतां पुढची आठवण सांगावयास घेतात. आपण साहित्यिक ठरतों कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं त्या कोठें थांबल्याचें आम्हांस तरी दिसलें नाहीं. मराठी आत्मचरित्रांत इतकें जिवंत पुस्तक इंग्रजी पढलेल्यांपैकीं फार थोड्यांच्या हातून उतरलें असेल.

गेल्या वर्षीं प्रवेशाच्या दिवसांत ती वहीवाली विद्यार्थिनी आपल्या मुलीचें नांव घालावयास आमच्या महाविद्यालयांत आली होती. तिनें आम्हांस ओळखून नमस्कार केला. "लिहितेस ना अजून?" आम्हीं सहज विचारलें. "तें तेव्हांच सुटलं, सर," ती हंसून म्हणाली. "तुमचं बरोबरच होतं." आवाजांत राग नव्हता, तक्रारही नव्हती, आणि म्हणूनच तें वाक्य आमच्यानें विसरवेना. त्या रात्रीं आम्हीं टेबलाचा खालचा खण उघडला. त्यांत एका मराठी कादंबरीचीं साठ पानें आहेत. तिशीच्या आंतबाहेर लिहिलेलीं, आणि वर सांगितलेल्या नम्रतेपायीं बंद करून ठेविलेलीं. तांबड्या शाईनें जो शेरा आम्हीं मारिला तो, खरें पाहतां, आधीं स्वतःस सुनावलेला होता. त्या मुलीच्या वहीवर त्याची नक्कल उतरली. ज्यास आपल्या संशयाशीं नीट वागतां आलें नाहीं, तो दुसऱ्याच्या संशयास निकालाचें रूप देऊन मोकळा होतो.

हें मासिक ज्या घरांतून वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत अशी एखादी वही असेल. मुलाच्या दप्तरांत असेल, सुनेच्या कपाटांत असेल, किंवा निवृत्त झालेल्या वडिलांच्या उशाखालीं असेल. ती पुढें आली तर वाचणारानें भविष्य सांगूं नये. तिच्यांतील एक पान नीट वाचावें, आणि त्या पानाविषयीं जें खरें वाटेल तें बोलावें. इतकें साधें काम आहे; परंतु तें आम्हांस आमच्या धंद्यांत जन्म काढूनही साधलें नाहीं.

त्या वहींतील एक कथा आम्हांस अजून आठवते. कायमची माहेरीं परत आलेली एक आत्या, कोणीं सांगितलें नसतांना, घरांतील सर्वांच्या आधीं उठून चूल पेटविते, एवढीच ती कथा. गेल्या महिन्यांत आम्हीं त्या बाईंस पत्र लिहिलें. चुलीचा प्रसंग उत्तम साधला आहे. परंतु शेवटच्या पानावर आत्येच्या दुःखाचें जें स्पष्टीकरण येतें तें गाळावें, कारण पहाटेच्या काळोखांत राखेवर फुंकर घालीत बसलेल्या त्या आत्येनें तें आधींच सांगून टाकलें आहे, असें त्यांत लिहिलें. प्रतिभेविषयीं त्यांत अक्षर नाहीं. क्षमेचीं दोन वाक्यें आहेत. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.